एडवर्ड कोल्स आणि ‘तो काळच तसा होता’

इतिहासातल्या मोठ्या माणसांवर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास पुढे येतं: तो काळच तसा होता. त्या काळी सगळेच तसं वागत, आजच्या फूटपट्टीने कालची माणसं मोजू नका. वाक्य समंजस वाटतं. बोलणारा अभ्यासू ठरतो आणि प्रश्न विचारणारा उतावळा. मला हे वाक्य मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगण्यासाठी मराठीत फारसा कुणाला ठाऊक नसलेला एक माणूस साक्षीला बोलावतो. त्याचं नाव एडवर्ड कोल्स. तो १८२२ ते १८२६ या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा दुसरा गव्हर्नर होता. तिथला गव्हर्नर लोकांच्या थेट मतांनी निवडून येतो. अधिकारांचा विचार केला तर आपल्या राज्यपालापेक्षा तो मुख्यमंत्र्याला जवळचा.

आधी वाद कशाचा आहे ते पाहू. ‘सर्व माणसं समान जन्माला आली आहेत’ असं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं गुलाम म्हणून बाळगली. तो १८२६ मध्ये गेला, तेव्हा मृत्युपत्रातून त्याने मोजक्या पाच जणांना मुक्त केलं. पुढच्याच वर्षी मॉन्टिसेलो या त्याच्या मळ्यावर सुमारे १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या सभागृहातून जेफरसनचा पुतळा हलवण्यात आला, तेव्हा वादाला पुन्हा उकळी फुटली. पुतळ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य आधार हाच होता, की तो अठराव्या शतकातला व्हर्जिनियाचा जमीनदार होता, त्याने वेगळं काय करायचं होतं?

कोल्सचं आयुष्य या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याचा जन्म १७८६ चा, व्हर्जिनियातल्या अल्बमार्ल काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला. जेफरसनचं मॉन्टिसेलो याच काउंटीत. दोन्ही घराण्यांचा घरोबा होता. एडवर्डचा थोरला भाऊ आयझॅक हा जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना त्याचा खासगी सचिव होता, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनची बायको डॉली ही कोल्स घराण्याची नातलग. एडवर्ड शिकला तो विल्यम अँड मेरी कॉलेजात, म्हणजे जेफरसनच्याच कॉलेजात. काउंटी तीच, वर्ग तोच, मळ्यावर राबणारी गुलाम माणसं तशीच आणि पुस्तकंही बरीचशी तीच. दोन माणसांची तुलना करायची तर यापेक्षा सारखी परिस्थिती क्वचितच मिळेल.

कॉलेजात बिशप मॅडिसन शिकवायचे. राष्ट्राध्यक्ष मॅडिसनचे ते चुलत नातलग. माणसाच्या नैसर्गिक हक्कांवर त्यांचं व्याख्यान झालं की तरुण एडवर्ड विचारायचा, मग माणूस माणसाचा मालक कसा होऊ शकतो? बिशपांनी प्रामाणिकपणे कबूल केलं, की तत्त्व म्हणून गुलामगिरीचं समर्थन करता येत नाही, पण ती आपल्याकडे आहे आणि काढून टाकणं अवघड आहे. व्हर्जिनियातले बहुतेक सुशिक्षित लोक इथवर येऊन थांबत. एडवर्ड थांबला नाही. जे तत्त्वाने चूक आहे ते मी करणार नाही, असं त्याने विद्यार्थी असतानाच ठरवलं. घरी मात्र बोलला नाही. वडिलांना कळलं तर ते मृत्युपत्रात आपल्या वाट्याला गुलाम ठेवणार नाहीत, आणि मग त्या माणसांना मुक्त करणं आपल्या हाती राहणार नाही, ही भीती होती. १८०८ मध्ये वडील गेले. त्याच्या वाट्याला ७८२ एकरांचा मळा आला आणि त्यावर राबणारी माणसं आली. तेव्हा त्याने घरच्यांना सांगितलं. घरच्यांना ते मुळीच पटलं नाही.

कायदाही आडवा होता. व्हर्जिनियात १७८२ पासून मालकाला गुलाम मुक्त करण्याची मुभा होती, पण १८०६ च्या कायद्याने मुक्त झालेल्या माणसाला बारा महिन्यांत राज्य सोडणं भाग पाडलं. न सोडल्यास त्याला पुन्हा विकता येई. त्यामुळे गुलामांना मुक्त करायचं तर त्यांना घेऊन दुसरीकडे जायचं, आणि आपणही तिथेच स्थायिक व्हायचं, असा कोल्सचा बेत ठरला. मधल्या काळात मॅडिसनने त्याला सचिव म्हणून बोलावलं आणि जवळपास पाच वर्षं तो राष्ट्राध्यक्षाच्या घरात राहिला. पुढे सरकारी कामगिरीवर रशियाला जाऊन आला. वडिलांचा मृत्यू १८०८ चा आणि मुक्ती १८१९ ची. मधली अकरा वर्षं ती माणसं गुलामच होती, आणि त्यांच्या श्रमांचं उत्पन्न कोल्सला मिळत होतं. त्याची बाजू घेताना हे झाकून ठेवता येणार नाही.

याच काळात, ३१ जुलै १८१४ रोजी, सत्तावीस वर्षांच्या कोल्सने एकाहत्तर वर्षांच्या जेफरसनला एक पत्र लिहिलं. माझ्या दृष्टीने अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या पत्रांपैकी ते एक आहे. त्यातली मागणी नीट समजून घ्यायला हवी, कारण जेफरसनची बाजू घेणारे नेहमी त्याच्या कर्जाचा दाखला देतात. कर्ज खरं होतं. मळ्यावरची माणसं गहाण पडलेली होती, आणि ती एका झटक्यात मुक्त करणं जेफरसनला कायद्यानेही सोपं नव्हतं. पण कोल्सने तशी मागणी केलीच नव्हती. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याची एक योजना तुम्ही तयार करा आणि तुमच्या नावानिशी लोकांपुढे मांडा. तुमच्या शब्दाला जे वजन आहे ते दुसऱ्या कुणाच्या शब्दाला नाही. तुम्ही हयात असताना यश आलं नाही, तरी तुमच्यामागे तुमचं नाव ते काम करत राहील. यात एका डॉलरचाही खर्च नव्हता. लागणार होती ती प्रतिष्ठा.

जेफरसनचं उत्तर २५ ऑगस्टचं. गुलामगिरी चूक आहे याबद्दल तो कोल्सशी पूर्ण सहमत आहे. गुलामांची बाजू न्यायाची आहे, आपण इतकी वर्षं काही केलं नाही ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असंही तो मान्य करतो. मग म्हणतो, मी म्हातारा झालो. हे काम तरुणांचं. ट्रॉयच्या म्हाताऱ्या प्रायम राजाला त्याच्या योद्ध्या मुलाचं, हेक्टरचं, चिलखत घालायला सांगावं, तसं तुमचं सांगणं आहे. म्हाताऱ्याजवळ प्रार्थना हेच शस्त्र उरतं आणि माझ्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत. एवढ्यावर तो थांबत नाही. कोल्सने व्हर्जिनिया सोडू नये, आपल्या हाती आलेल्या माणसांना नीट खाऊपिऊ घालावं, त्यांच्याकडून माफक काम घ्यावं, देशाच्या या दुर्दैवी स्थितीशी जुळवून घ्यावं, असा सल्लाही देतो. गुलामगिरीत वाढलेली माणसं लहान मुलांसारखी स्वतःची काळजी घ्यायला असमर्थ असतात, हे कारण तो जोडतो.

हे उत्तर वाचलं की ‘काळ तसा होता’ हा बचाव मला निराधार वाटू लागतो. काळाने जेफरसनचे डोळे बांधले होते असं म्हणावं, तर पत्रात त्याला सगळं स्पष्ट दिसतं आहे. चूक काय हे त्याला कळतं, ती दुरुस्त व्हायला हवी हेही कळतं. फक्त ती त्याने करायची नाही, दुसऱ्या कुणीतरी करायची. वयाचं कारणही टिकत नाही. या पत्रानंतर त्याने आपला ग्रंथसंग्रह काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, विकला, व्हर्जिनिया विद्यापीठाची कल्पना मांडली, विधिमंडळाकडून १८१९ मध्ये मंजुरी मिळवली, इमारतींचे आराखडे स्वतः काढले आणि १८२५ मध्ये ते विद्यापीठ सुरू झालेलं पाहिलं. त्या इमारती उभ्या करायला गुलामांचे हात लागले. सत्तरीनंतर विद्यापीठ उभारण्याइतकी ताकद असलेल्या माणसाला एक योजना लिहिण्याची ताकद नव्हती, हे मला पटत नाही.

कोल्सलाही पटलं नाही. २६ सप्टेंबरच्या उत्तरात त्याने अतिशय आदराने, पण न डगमगता लिहिलं, की प्रार्थना हेच म्हातारपणीचं एकमेव शस्त्र आहे आणि हे काम तरुणच करू शकतात, हे मी मान्य करू शकत नाही. जनमत बदलायचं तर ज्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे तेच ते बदलू शकतात. दाखला दिला बेंजामिन फ्रँकलिनचा. फ्रँकलिन तर जेफरसनहून कितीतरी म्हातारा होता, तेव्हा गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि १७९० मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मरणाआधी दोन महिने त्याने काँग्रेसकडे गुलामगिरीविरुद्ध अर्ज पाठवला होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या लेखकाला एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाने त्याच्याच सहकाऱ्याचं उदाहरण दाखवून द्यावं, हे मला फार मोठं वाटतं. जेफरसनने यावर पुढे काही केलं नाही.

कोल्सने केलं. १८१९ च्या वसंतात गुलाम माणसं आणि सामान घेऊन गाड्या व्हर्जिनियाहून निघाल्या. डोंगर ओलांडून पेनसिल्व्हेनियातल्या ब्राउन्सव्हिलला त्याने सपाट तळाच्या दोन मोठ्या नावा घेतल्या, आणि मोनोंगहीला नदीतून पिट्सबर्गमार्गे सगळे ओहायो नदीत उतरले. एप्रिलमधल्या एका शांत सकाळी दोन्ही नावा एकमेकींना बांधल्या होत्या. तेव्हा कोल्सने सगळ्यांना एकत्र बोलावून थोडक्या शब्दांत सांगितलं, की तुम्ही आता माझ्याइतकेच स्वतंत्र आहात. माझ्याबरोबर यायचं तर या, इथेच काठावर उतरून जायचं तर जा. पुढे त्याने लिहून ठेवलंय, की काही क्षण कुणी बोललंच नाही. मग कुणीतरी घाबरल्यासारखं हसलं, कुणी रडू लागलं. इलिनॉयला पोचल्यावर प्रत्येक कुटुंबप्रमुखाला १६० एकर जमीन देईन, हेही त्याने सांगितलं, आणि दिलं. इतकी वर्षं तुम्ही केलेल्या कामाचा हा मोबदला आहे, असं तो म्हणाला.

मुक्तीच्या लेखी दाखल्यांवर तारीख घातली ती ४ जुलै १८१९, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. कोल्स एडवर्ड्सव्हिल गावी सरकारी जमीन नोंदणी कार्यालयाचा अधिकारी म्हणून स्थायिक झाला.

आता इलिनॉयबद्दल सांगायला हवं, कारण हा प्रांत मुक्त, म्हणजे गुलामगिरी नसलेलं, राज्य म्हणून ओळखला जात असला तरी ती ओळख अर्धवट होती. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्याने तिथे गुलामगिरीला बंदी होती. तरी जुन्या फ्रेंच वसाहतकऱ्यांकडचे गुलाम तसेच राहिले होते. शॉनीटाउनजवळच्या मिठाच्या झऱ्यांवर राबायला गुलाम आणण्याची सवलत १८२५ पर्यंत होती. शिवाय करारबद्ध मजुरीच्या नावाखाली कृष्णवर्णीयांना दशकानुदशकं बांधून ठेवणारे कायदे होते. १८२० च्या जनगणनेत राज्याच्या सुमारे ५५ हजार लोकांत ९१७ माणसं गुलाम म्हणून मोजली गेली. लोकवस्ती दक्षिणेत दाट होती आणि ती बहुतेक केंटकी, टेनेसी, व्हर्जिनियातून आलेली. पलीकडच्या मिसुरीत गुलामगिरी कायदेशीर होती. पैसेवाले जमीनदार आपले गुलाम घेऊन इलिनॉय ओलांडून मिसुरीत जाताना दिसत, आणि इलिनॉयचे पुढारी म्हणत, हा पैसा आपल्याकडे का थांबू नये?

अशा राज्यात कोल्स १८२२ मध्ये गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि निवडून आला. पण हा जनतेचा कौल होता असं म्हणता येत नाही. चार उमेदवार होते. कोल्सला २,८५४ मतं मिळाली, म्हणजे एकूण मतांच्या जेमतेम एक तृतीयांश. गुलामगिरीला अनुकूल समजल्या जाणाऱ्या जोसेफ फिलिप्स आणि थॉमस ब्राउन या दोन न्यायाधीशांत मतं विभागली गेली, म्हणून तो आला. त्या दोघांची मतं एकत्र धरली तर निम्म्याहून बरीच जास्त होतात. विधिमंडळही त्याच्या विरोधात होतं. दुसरा कुणी असता तर पहिलं वर्ष जपून काढलं असतं. कोल्सने डिसेंबर १८२२ मधल्या पहिल्याच भाषणात तीन गोष्टी मागितल्या. फ्रेंचांकडचे उरलेले गुलाम मुक्त करा, कृष्णवर्णीयांविरुद्धचे कायदे सुधारा, आणि मुक्त कृष्णवर्णीयांना पळवून दक्षिणेत विकणाऱ्या टोळ्यांना कडक शिक्षा करा.

विधिमंडळाने उलटा डाव टाकला. राज्यघटना बदलण्यासाठी घटना परिषद बोलवायची, म्हणजे गुलामगिरी कायदेशीर करता येईल, असा ठराव आला. त्याला दोन तृतीयांश मतं हवी होती आणि कनिष्ठ सभागृहात एक मत कमी पडत होतं. ते मिळवण्याची रीत वाचून आजही संताप येतो. पाइक काउंटीच्या जागेवर निकोलस हॅन्सन आणि जॉन शॉ या दोघांचा दावा होता. अधिवेशनाच्या सुरुवातीला सभागृहाने चौकशी करून हॅन्सनची निवड वैध ठरवली होती. फेब्रुवारी १८२३ मध्ये हॅन्सनने परिषदेविरुद्ध मत दिलं. सभागृहाने आपलाच निर्णय फिरवला, हॅन्सनला काढलं, शॉला बसवलं आणि ठराव मंजूर केला. त्या रात्री राजधानी व्हँडेलियात जमाव शिंगं, ढोल आणि पत्र्याचे डबे बडवत कोल्सच्या घरावर गेला. ‘परिषद नाहीतर मरण’ अशा घोषणा होत्या.

परिषद बोलवायची की नाही, हे आता लोकांच्या मतदानावर होतं, आणि मतदान दीड वर्षाने व्हायचं होतं. या दीड वर्षात कोल्सने जे केलं त्यावरून मी त्याला मोठा राजकारणी मानतो. गुलाम मुक्त करणारे सज्जन मालक त्याच्या आधीही होऊन गेले होते. व्हर्जिनियातच रॉबर्ट कार्टरने १७९१ पासून साडेचारशेहून जास्त माणसं मुक्त केली होती. जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्रातून स्वतःच्या मालकीचे गुलाम सोडले. पण मिळालेलं पद त्या कामाला लावणं, ही वेगळी गोष्ट आहे. कोल्सने आपला चार वर्षांचा सगळा पगार, चार हजार डॉलर, या लढ्यात घातला. राजधानीतलं वर्तमानपत्र साथीदारांच्या मदतीने आपल्या बाजूला आणलं. फिलाडेल्फियातल्या, गुलामगिरीला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाच्या रॉबर्ट्स वॉक्सशी आणि तिथल्याच बँकर निकोलस बिडलशी पत्रव्यवहार करून छापील पत्रकं मागवली. इलिनॉयमधल्याच आल्बियनजवळच्या इंग्रज वसाहतीतला मॉरिस बर्कबेक ‘जोनाथन फ्रीमन’ या नावाने साध्या शेतकऱ्याला समजतील अशी पत्रं वर्तमानपत्रांत लिहू लागला. काँग्रेसमधला इलिनॉयचा सदस्य डॅनियल पोप कुक उघडपणे विरोधात उतरला. जॉन मेसन पेकसारखे बाप्टिस्ट धर्मोपदेशकही कामाला लागले. त्या काळच्या रस्त्यांवर, विखुरलेल्या वस्त्यांत हे सगळं पोचवायचं होतं.

२ ऑगस्ट १८२४ ला मतदान झालं. परिषदेच्या बाजूने ४,९७२ आणि विरोधात ६,६४०. दोन वर्षांपूर्वी मतदारांचा मोठा भाग गुलामगिरीला अनुकूल उमेदवारांमागे होता, त्याच राज्यात हे घडलं.

हा विजय निर्मळ नव्हता, आणि हे सांगितलं नाही तर मीही तेच करीन ज्याबद्दल तक्रार करतो आहे. विरोधात मत देणाऱ्या अनेकांना कृष्णवर्णीयांची कणव नव्हती, आपल्या शेजारी ती माणसंच नकोत एवढीच त्यांची इच्छा होती. गुलाम राबवणारा बडा जमीनदार आला तर लहान शेतकरी बुडेल, हे कारणही मोठं होतं. ज्यांच्या स्वातंत्र्याचा सौदा चालला होता त्यांना मताचा अधिकारच नव्हता. करारबद्ध मजुरी चालू राहिली, कृष्णवर्णीयांविरुद्धचे कायदे १८६५ पर्यंत पुस्तकात राहिले. खुद्द कोल्स मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत वसवण्याच्या योजनेचा पुरस्कर्ता होता, म्हणजे दोन्ही समाज बरोबरीने एकत्र नांदतील यावर त्याचाही विश्वास नव्हता. नदीवरच्या त्या सकाळीही निर्णय त्याने घेतला होता, त्या माणसांनी नाही. पण या उणिवा मोजताना मी ‘काळ तसा होता’ असं म्हणणार नाही. त्या त्याच्या उणिवा होत्या. त्याच काळात आफ्रिकेत पाठवण्याच्या योजनेला फिलाडेल्फियातल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी १८१७ मध्येच सभा भरवून कडाडून विरोध केला होता. हा देश आमचाही आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि इथेच या बचावातली सर्वांत मोठी गफलत दिसते. ‘त्या काळी सगळ्यांना हे मान्य होतं’ म्हणताना ‘सगळ्यां’त कोण धरलं जातं? मालक. साखळदंडातली माणसं त्या मोजणीत नसतात. १८०० साली रिचमंडजवळ गॅब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने उठावाची तयारी केली आणि फासावर गेला. त्याला गुलामगिरी मान्य होती का? १८०४ मध्ये हैतीतल्या गुलामांनी लढून स्वतःचं राष्ट्र उभं केलं. मेरीलँडमधला मुक्त कृष्णवर्णीय पंचांगकर्ता बेंजामिन बॅनेकर याने ऑगस्ट १७९१ मध्ये जेफरसनलाच पत्र लिहून जाहीरनाम्यातली वाक्यं उद्धृत केली आणि विचारलं, की हे लिहिणारे तुम्ही माझ्या बांधवांना जबरदस्तीने गुलामीत कसे ठेवता? जेफरसनने सभ्यपणे उत्तर दिलं आणि काही बदललं नाही. कोल्सच्या पत्राआधी तेवीस वर्षं हा प्रश्न त्याच्या टेबलावर येऊन गेला होता. काळ एका सुरात कधीच बोलत नसतो. त्यातला कुठला सूर ऐकायचा, हे माणूस ठरवतो, आणि त्याची जबाबदारी त्याच्यावरच पडते.

आपल्याकडे हा मुद्दा परका नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष औदार्यासाठी आणि परोपकारबुद्धीसाठी. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही इच्छाही त्यांनी तिथेच लिहिली. कोल्स त्याआधी पाच वर्षं वारला होता. फुल्यांना त्याचं नाव ठाऊक असो वा नसो, त्या अर्पणपत्रिकेतल्या माणसांत तो बसतो. आणि पुण्यात मुलींच्या शिक्षणाला, शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाला विरोध करणाऱ्यांची बाजू घेताना आज कुणी ‘तो काळच तसा होता’ म्हणालं, तर त्याच पुण्यात, त्याच काळात, १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती, हे त्याला दाखवावंच लागेल. काळ जर एकच होता, तर फुले कुठल्या काळातले?

किंमत मोजावी लागते म्हणून लोक असं करत नाहीत, हे खरं कारण आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगावं. कोल्सने किंमत मोजली. १८२४ मध्ये इलिनॉयच्या मॅडिसन काउंटीने त्याच्यावर खटला भरला, की मुक्त केलेल्या प्रत्येक माणसामागे १,००० डॉलरचा जामीन त्याने लिहून दिला नव्हता. तो कायदा १८१९ च्या मार्चचा, आणि कोल्सने दाखले दिले तेव्हा छापूनही आला नव्हता. तरी २,००० डॉलरचा निकाल विरोधात गेला. विधिमंडळाने माफीचा कायदा केला, तो लागू होत नाही असं न्यायाधीश सॅम्युएल मॅकरॉबर्ट्स म्हणाला, आणि शेवटी १८२६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कोल्सची सुटका केली. तो राज्याबाहेर गेलेला असताना उपगव्हर्नर हबर्डने त्याचं पद बळकावण्याचा प्रयत्न केला. बर्कबेकला त्याने राज्याचा सचिव नेमलं, तर सिनेटने ती नेमणूक नाकारली. १८३१ मध्ये काँग्रेसच्या निवडणुकीत तो हरला आणि पुढच्या वर्षी इलिनॉय सोडून फिलाडेल्फियाला गेला. याच सुमारास त्याने म्हाताऱ्या मॅडिसनला कळवळून लिहिलं, की निदान मृत्युपत्रातून तरी तुमची माणसं मुक्त करा. मॅडिसन १८३६ मध्ये गेला. माणसं डॉलीच्या नावे झाली आणि पुढे त्यांतली कित्येक विकली गेली. एवढ्या जवळच्या माणसालाही कोल्स पटवू शकला नाही.

सर्वांत कडू गोष्ट घरातली. कोल्सचा मुलगा रॉबर्ट्स व्हर्जिनियात आजोळासारख्या ओढीने परत गेला, तिथल्या नातलगांत रमला, आणि यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यात कॅप्टन झाला. फेब्रुवारी १८६२ मध्ये रोअनोक बेटाच्या लढाईत तो मारला गेला. बाप तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचा होता. आणखी सहा वर्षं जगून, गुलामगिरी घटनेने बंद झालेली पाहून, ७ जुलै १८६८ ला तो गेला.

इलिनॉयमध्ये त्याच्या नावाची काउंटी आहे. तिथल्या चार्ल्सटन गावी १८ सप्टेंबर १८५८ ला सिनेटच्या जागेसाठी लढणाऱ्या अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांचा जाहीर वादविवाद झाला, आणि गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक व राजकीय समानतेच्या आपण बाजूने नाही, असं लिंकनने तिथे सांगितलं. लिंकनलाही हीच फूटपट्टी लावावी लागेल. पुढे सात वर्षांत तो किती बदलला हेही त्याच हिशेबात धरावं लागेल. बदलण्याची शक्यता मान्य करायची असेल तर न बदलल्याची जबाबदारीही मान्य करावी लागते.

पुतळे हलवावेत की नाहीत, हे त्या त्या गावातल्या लोकांनी ठरवावं. न्यूयॉर्कने ठरवलं, त्यात मला काही गैर दिसत नाही. माझी मागणी शाळेपुरती आहे. जेफरसनचा जाहीरनामा मुलांना शिकवला जातो, शिकवलाच पाहिजे. त्याच्यासोबत १८१४ मधली ती तीन पत्रं शिकवावीत: कोल्सचं ३१ जुलैचं, जेफरसनचं २५ ऑगस्टचं आणि कोल्सचं २६ सप्टेंबरचं. बॅनेकरचं पत्रही घ्यावं. चारही पत्रं एका तासिकेत वाचून होतात, आणि त्या काळच्या माणसांना काय माहीत होतं हे मुलांना आपलं आपण कळेल.